नाक एक, डॉक्टर दोन

पुण्यात पावसाळा सरत आला की दोन गोष्टी माजतात, गाजर गवत आणि सल्ले. त्यातल्या गाजर गवताची ठळक नोंद १९५५-५६ च्या सुमारास पुण्यातच झाली आणि मग ते देशभर पसरलं. अमेरिकेहून आलेल्या गव्हातून त्याचं बी आलं असं सगळे सांगतात. जुनी माणसं त्याला अजून काँग्रेस गवत म्हणतात आणि म्हणताना शेजारी कोण बसलंय ते आधी बघून घेतात. सल्ल्यांची पुण्यातली नोंद त्याच्या बरीच आधीची असावी.

ती पांढरी बारीक फुलं आली की टेकडीवर फिरायला गेलेली मंडळी खाली येतात ती शिंकतच. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका या मंडळींचे म्होरके. त्यांच्या पहिल्या शिंकेला खालची कुत्री भुंकतात, दुसरीला पार्किंगमधल्या एखाद्या गाडीचा अलार्म वाजतो आणि तिसरीला स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज येतो, "गोळी घ्या!" आता काका अडुसष्ट वर्षांचे. घरात गोळ्या भरपूर. कुठली घ्या, हे काकू सांगत नाहीत आणि काका विचारत नाहीत. सगळी गंमत इथेच सुरू होते, कारण काकांना बीपी आहे.

बीपी ही आपल्याकडे खासगी बाब राहिलेली नाही. माणसं पगार लपवतील, मुलाचे मार्क लपवतील, फ्लॅट कितीला घेतला ते मरेपर्यंत सांगणार नाहीत. बीपी मात्र जाहीर. पंगतीत लोणचं वाढणाऱ्या पोराला "नको रे बाबा, बीपी आहे" म्हणून सांगतील आणि त्याच हाताने दोन पापड ओढून घेतील. रेल्वेत खालचा बर्थ मागताना बीपी निघतं. सोसायटीच्या वार्षिक सभेत तर ते शस्त्र म्हणूनच काढतात: "मला बोलायला लावू नका, मला बीपी आहे!" आणि त्यानंतर पाऊण तास बोलतात. वरचा आकडा, खालचा आकडा, अर्धी गोळी की पाव, सकाळी की रात्री, हे सगळं कट्ट्यावरच्या सगळ्यांना पाठ असतं.

एवढं जगजाहीर असलेलं हे बीपी ज्या एका माणसाला सांगायला हवं, त्याला तेवढं कुणी सांगत नाही. तो माणूस मेडिकलच्या काउंटरमागे हातात कात्री घेऊन उभा असतो.

तिथला संवाद ठरलेला.

"सर्दीवर काहीतरी द्या हो."

"वाहतंय की चोंदलंय?"

"दोन्ही."

"किती देऊ?"

"चार द्या."

संपलं. चार द्या! भाजीवाल्याकडे कोथिंबीर घेताना यापेक्षा जास्त चौकशी होते. मग तो दहाची स्ट्रिप काढतो आणि कचकन कापतो. ही कात्री नीट बघण्यालायक असते. स्ट्रिपच्या पाठीवर औषधाचं नाव तिरकं छापलेलं असतं, घटक मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत आणि एक्स्पायरी एका टोकाला. कात्री चालली की नावाचा पुढचा भाग तुमच्या वाट्याला, मागचा दुसऱ्या गिऱ्हाइकाला, आणि एक्स्पायरी दुकानातच राहते. घरी आल्यावर त्या चार गोळ्या श्रीखंडाच्या जुन्या डब्यात पडतात. पुढच्या सीझनला त्या बाहेर निघतात तेव्हा त्यांची ओळख फक्त रंगावरून पटते. "ती पिवळी घ्या," काकू म्हणतात. डॉक्टरांनी "कुठल्या गोळ्या चालू आहेत?" विचारलं तरी उत्तर तेच, "एक पांढरी बारीक आणि एक गुलाबी." डॉक्टरही बिचारे रंगपेटी घेऊन बसलेले नसतात.

त्या पिवळीच्या पोटात काय असतं? बाजारातल्या बहुतेक सर्दीच्या गोळ्यांत तीन-चार औषधं एकत्र नांदतात. पॅरासिटामोल तापासाठी, जो काकांना नाही. क्लोरफेनिरामाइन शिंकांसाठी, ज्याने काकांना झोप येते. ती झोप उडावी म्हणून काही गोळ्यांत कॅफिनही घालतात. आधी झोपवायचं आणि मग उठवायचं. आणि चौथं फेनिलेफ्रिन, चोंदलेलं नाक मोकळं करण्यासाठी. बीपीवाल्यांनी डोळ्यांत तेल घालून बघायचं ते हे चौथं आणि त्याचा थोरला भाऊ सुडोएफेड्रिन.

नाक चोंदतं ते शेंबडाने, अशी आपली पक्की समजूत. खरं तर नाकाच्या आतल्या अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, अस्तर सुजतं आणि वाट अरुंद होते. ही औषधं त्या रक्तवाहिन्या आवळतात. सूज उतरते, वारा खेळतो, माणूस म्हणतो वा! पण पोटात गेलेल्या गोळीला नाकाचा पत्ता माहीत नसतो. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाथरूममधली गळती थांबवायला सेक्रेटरीने अख्ख्या बिल्डिंगचे पाइप आवळावेत, तसा हा कारभार. आणि त्याच वेळी बीपीची गोळी, म्हणजे समजा अॅम्लोडिपिन, त्याच रक्तवाहिन्या सैल करायला घरोघर हिंडत असते. एक डॉक्टर सैल करतो, दुसरा आवळतो. हृदयाच्या डॉक्टरांचा दवाखाना एका पेठेत, कान-नाक-घसावाल्यांचा दुसऱ्या पेठेत. दोघांची गाठ पडते ती काकांच्या पोटातच.

नाक आणि बीपी यांचं हे वाकडं आजचं नाही. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे रुग्णांवरच्या अनुभवातून ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडलं आणि आपल्या परसातल्या मुळीकडे जगाचं लक्ष गेलं. पुढे त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि जगभरचे डॉक्टर ते लिहून देऊ लागले. रक्तदाब खरोखर उतरत असे. फक्त ज्याचा उतरे त्यातल्या कित्येकांचं नाक चोंदे! रक्तवाहिन्या सैल झाल्या म्हणजे नाकातल्याही झाल्याच की. म्हणजे बीपीच्या पहिल्या नामांकित गोळीपासून हा व्यवहार चालू आहे: बीपी सांभाळा, नाक जातं, नाक सांभाळा, बीपी चढतं.

नाकाच्या बाजूने तर याहून मोठे पराक्रम झाले. फेनिलप्रोपॅनोलामाइन नावाचं नाक मोकळं करणारं औषध वर्षानुवर्षं घराघरांत होतं. २००० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मेंदूतल्या रक्तस्रावाच्या धोक्यामुळे ते बाजारातून काढून घ्यायला कंपन्यांना सांगितलं. त्याची जागा बऱ्याच ठिकाणी फेनिलेफ्रिनने घेतली. त्याचाही किस्सा ऐका. २०२३ च्या सप्टेंबरात त्याच प्रशासनाच्या सल्लागार समितीने मत दिलं की फेनिलेफ्रिन गोळीतून पोटात घेतलं तर नाक मोकळं होतच नाही. मतदान सोळा विरुद्ध शून्य. आपल्या सोसायटीत लिफ्टच्या रंगावरही असं एकमत झालेलं नाही. तर अशी ही गोळी: जिच्याने नाक उघडत नाही, पण जिच्यावर "रक्तदाब असल्यास डॉक्टरांना विचारा" ही सूचना मात्र आहे.

सुडोएफेड्रिनने नाक खरंच उघडतं. आणि न्यायाने बोलायचं तर त्याच्यावरचा आरोपही जरा तपासून घ्यायला हवा. २००५ साली अनेक चाचण्या एकत्र करून पाहिलं तेव्हा वरचा आकडा सरासरी जेमतेम एकाने वाढलेला दिसला. हे वाचल्यापासून काका मला सरासरी ऐकवतात. पण बीपीचा पट्टा सरासरीच्या दंडाला बांधता येत नाही. कुणाचा आकडा हलत नाही, कुणाचा चांगलाच उसळतो, आणि ज्यांचं बीपी मुळातच ताब्यात नाही त्यांना डॉक्टर याच्यापासून लांब ठेवतात ते उगाच नाही.

काकांकडे सुडोएफेड्रिन आलं कुठून, तर न्यू जर्सीहून. तिकडे २००६ पासून ते काउंटरच्या आत ठेवतात, ओळखपत्र बघतात, सही घेतात. कारण त्यापासून नशेचा माल करणारे लोक आहेत. जावयाने सही करून, सासऱ्यांच्या नाकासाठी म्हणून ते आणलं. अॅलर्जीच्या साध्या गोळीच्या नावापुढे फक्त एक ‘डी’. त्या डीमध्येच सगळी मेख. साधी लोराटाडिन किंवा फेक्सोफेनाडिन बीपीवाल्यांना सहसा चालते. शेपटीला डी आला की आत सुडोएफेड्रिन बसलेलं असतं. काकांना वाटलं डी म्हणजे डबल. "साधी कशाला घ्यायची? जावयाने डबलची आणलीय!"

आता साध्या गोळ्यांचं. सेटिरिझिन, लिव्होसेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन ही मंडळी एकेकटी असतील तर रक्तवाहिन्यांच्या वाटेला जात नाहीत आणि बहुतेक बीपीवाल्यांना डॉक्टर हीच देतात. यातली सेटिरिझिन काहींना पेंग आणते. जुन्या पद्धतीच्या क्लोरफेनिरामाइनने तर माणूस पार लोळतो, तोंड कोरडं पडतं आणि प्रोस्टेट वाढलेल्या गृहस्थांची लघवी अडते. त्यात बीपीची गोळी चालू असली की रात्री बाथरूमला उठताना भोवंडल्यासारखं होतं ते निराळंच. काकांना मात्र या झोपेचा एक फायदा झाला. भाच्याच्या लग्नात विहिणीच्या भाषणाला ते पहिल्या रांगेत डोळे मिटून बसले आणि "किती तल्लीन होऊन ऐकत होते!" अशी त्यांची ख्याती झाली.

फेक्सोफेनाडिनची वेगळीच तऱ्हा. ती संत्र्या-सफरचंदाच्या रसाबरोबर घेतली तर अंगात कमी मुरते. साध्या पाण्याबरोबर घ्यावी. आणि रसाचा विषय निघालाच आहे तर ग्रेपफ्रूटचं सांगतो. १९८९ साली कॅनडात फेलोडिपिन या बीपीच्या औषधाबरोबर दारूचा काय परिणाम होतो ते पाहत होते. दारूची चव कळू नये म्हणून त्यात ग्रेपफ्रूटचा रस घातला. दारू राहिली बाजूला, रसानेच रक्तातलं औषध कितीतरी वाढवून ठेवलं! तेव्हापासून कित्येक गोळ्यांच्या कागदावर या फळाचं नाव लिहिलेलं असतं. आपण कुठे ग्रेपफ्रूट खातो, असं म्हणून सुटका नाही. आपलं पपनस त्याच कुळातलं, किंबहुना ग्रेपफ्रूट हे पपनसाचंच संकरित लेकरू. कोकणातून पपनसं आली आणि गोळी चालू असली तर डॉक्टरांना एवढं विचारावं. "हं, म्हणजे आता फळंही बंद!" असं काकूंच्या सुरात म्हणू नये.

पण बाहेरच्यांना कशाला नावं ठेवा, घरचे भेदी काय कमी आहेत? घसा खवखवला की आपण ज्येष्ठमधाची काडी चघळतो. आजीने सांगितलेलं, नैसर्गिक, गोड. त्या गोडव्यातलं ग्लिसिरायझिन रोज आणि भरपूर पोटात गेलं तर अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. म्हणजे जेवणात मीठ टाळणारा माणूस गाण्याच्या क्लासला जाताना खिशातून बीपी चघळत जातो. पाण्यात टाकली की फसफसणारी गोळीही तशीच. ती फसफसते त्यात बहुधा सोडियमचा वाटा असतो. भाजी अळणी खाऊन वर हे सोडियम प्यायचं, तेही ढेकर देऊन.

या सगळ्या नाटकाचा सर्वांत रंगलेला अंक म्हणजे काकांचा खोकला. कोरडा, ठसक्याचा, रात्री दहानंतर नेमाने येणारा. सगळ्यांचं निदान एकच: अॅलर्जी. मग आरोपी शोधणं सुरू झालं. आधी गालिचा गेला. मग गॅलरीतली कबुतरं धरली. जाळी बसली, तिच्या रंगावरून शेजारी वाद झाला. मग शेजारच्यांच्या मांजरीकडे संशयाने बघितलं गेलं. आडुळसा झाला, मध झाला, हळद-दूध झालं, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या झाल्या. अॅलर्जीची गोळी चालूच. खोकला हलेना.

कारण खोकला बीपीच्या गोळीचा होता. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या घराण्यातल्या गोळ्यांनी काही जणांना असा कोरडा खोकला लागतो. या घराण्याचा मूळ पुरुषही मासलेवाईक: ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषाचा अभ्यास करताना त्याचा माग लागला आणि १९८१ साली कॅप्टोप्रिल अमेरिकेत मंजूर झालं. आपली सर्पगंधा, त्यांचा साप. बीपी उतरवायला सापाला पर्याय नाही असं दिसतं. बीपीच्या डॉक्टरांना खोकला कधी सांगितलाच नव्हता, कारण "तो नाकाच्या डॉक्टरांचा विषय." सांगितल्यावर त्यांनी गोळी बदलून दुसऱ्या घराण्यातली दिली, आणि काही आठवड्यांत खोकला गेला. कबुतरं निर्दोष सुटली, निदान या आरोपातून. गालिचा परत आला नाही. तो काकूंना आधीपासूनच आवडत नव्हता.

इथे थट्टा जरा बाजूला. याच घराण्यातल्या गोळ्यांनी क्वचित कुणाचे ओठ, जीभ, चेहरा अचानक सुजतात. तेव्हा काल वांगं खाल्लं होतं का, याची चर्चा करत अॅलर्जीची गोळी शोधत बसायचं नसतं, तडक हॉस्पिटल गाठायचं असतं. आणि एवढं वाचून बीपीची गोळीच आपल्या मनाने बंद करणारे जे वीर आहेत, त्यांनी तसं करू नये.

नाकात घालायच्या थेंबांबद्दल थोडक्यात. झायलोमेटाझोलिनचे थेंब दोन मिनिटांत नाक उघडतात, आणि म्हणूनच घात करतात. तीन-पाच दिवसांपलीकडे चालू ठेवले की थेंब उतरल्यावर नाक आधीपेक्षा घट्ट बंद होतं, मग पुन्हा थेंब. अशी माणसं मी पाहिली आहेत. लग्नाला निघताना अंगठी विसरतील, बाटली नाही. त्याउलट स्टेरॉइडचा नाकातला फवारा बीपीवाल्यांना बहुधा चालतो, पण त्याला गुण यायला काही दिवस लागतात. काका त्याला "गुण नाही" म्हणून दुसऱ्या दिवशी टाकून देतात. गुण न देणाऱ्या पिवळ्या गोळीला मात्र त्यांनी काही वर्षं दिली.

शेवटी बीपीच्या डॉक्टरांनी फर्मान काढलं: घरात जे जे घेता त्या सगळ्याची यादी आणा, रंग नको, नावं आणा. काकांनी लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर यादी केली. बीपीची गोळी. सर्दीची पिवळी. तीच औषधं दुसऱ्या नावाने असलेली सर्दीची हिरवी, जी पिवळी संपल्यावर आणि कधीकधी पिवळीबरोबरही घेतली जाई. न्यू जर्सीची डी. नाकाचे थेंब. खोकल्याची उरलेली बाटली. गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन, जे खुद्द बीपी वाढवायला हातभार लावतं. ज्येष्ठमध. फसफसणारी गोळी. नाकाचा फवारा, "घेत नाही" अशा टिपेसह. खाली काकूंच्या अक्षरात, "रात्री दोन पापड."

डॉक्टरांनी चष्मा वर करून यादी वाचली. मग पेन काढून काटायला सुरुवात केली. पिवळी गेली, हिरवी गेली, डी गेली. थेंब, बाटली, ज्येष्ठमध, फसफस, सगळं गेलं. आयबुप्रोफेनवर दोन रेघा मारल्या. पापडांभोवती गोल केला. उरली बीपीची गोळी, नाकाचा फवारा, आणि शिंका फारच झाल्या तर घ्यायची एक साधी गोळी, तीही नाव लिहून. "आणि मेडिकलमध्ये काहीही घेताना आधी सांगायचं, मला बीपी आहे," डॉक्टर म्हणाले.

"ते सगळ्यांना माहीतच आहे," काका म्हणाले. मग ती काटलेली यादी त्यांनी बराच वेळ निरखली, पाकीट काढलं, उघडलं आणि उघड्या पाकिटावर हात ठेवून विचारलं, "एवढी औषधं कमी केलीत डॉक्टर. फी तेवढीच?"